परतीचा आहेर

रुद्राणी वन्संना आमच्या गावानं मतं दिली, असं मला कधी म्हणवत नाही. गावानं त्यांना आहेर केला होता.

सत्त्याण्णव साल. जिल्हा परिषदेची आमची जागा बायकांसाठी राखीव झाली आणि माळेवाडीच्या सोमशेखररावांनी आपल्या बायकोला उभं केलं. माळेवाडी हे वन्संचं सासर आणि आमची हिंगणवाडी त्यांचं माहेर. माझे सासरे चन्नाप्पा, त्यांच्या थोरल्या भावाची ही मुलगी. आईबाप लवकर गेले, तेव्हा सासऱ्यांनीच तिला वाढवलं, वेणीफणीपासून लग्नापर्यंत. मी मुरगूडहून नवरी होऊन आले तेव्हा उंबऱ्यात माझं दार अडवून उभ्या राहिलेल्या त्याच. इरकलीचा पदर दारात आडवा धरून म्हणाल्या, "लेक झाली तर माझ्या लेकाला देतीस काय? व्हय म्हण, नाव घे, मगच आत ये." घाबरून मी उखाण्याची दुसरी ओळ विसरले. त्यांनीच कानात सांगितली, आणि वर सगळ्यांना सांगितलं, "नवरी हुशार हाय बरं का."

मतदानाच्या दिवशी शाळेपुढची रांग बघून परक्या माणसाला वाटलं असतं, आत लग्न लागतंय. ठेवणीतली लुगडी, हातभर बांगड्या, अंबाड्यावर अबोली. तानाबाई तर पदराखाली कुंकवाचा करंडा घेऊन आलेली. तानाबाई गावची सुईण, आणि गावचा गळाही तीच. जातं असो, बारसं असो की पंचमीचा झिम्मा, तिच्या ओवीशिवाय काही सुरू व्हायचं नाही. दारातल्या साहेबानं तिला अडवलं.

"आजी, ह्ये काय?"

"कुकू."

"आत चालत न्हाय."

"आत कागदावर माझी लेक हाय न्हवं? मग मोकळ्या कपाळानं ठिवू व्हय तिला?"

करंडा साहेबानं काढून घेतला. पण बोट आधीच माखलेलं होतं, आणि मागच्या बायकांनी बोटाला बोट लावून घेतलं होतं. मोजणीला आमच्या गावच्या काही मतपत्रिका बाद निघाल्या. शिक्का बरोबर वन्संच्या चिन्हावर होता, फक्त त्याच्या वर कुंकवाचं बोटही उमटलं होतं.

वन्सं तरीही निवडून आल्या. गुलाल उधळला त्या दिवशी तानाबाईनं चावडीच्या कट्ट्यावर ओवी बांधली:

*लेक माझी उभी ग, गाव झालं करवली*
*शिक्क्याच्या शाईनं ग, ओटी तिची भरली*

गाव हसलं, नाचलं. आणि तिथंच गाव अडकलं. कारण ओटी भरल्यावर ती परत कोण मागतं?

आमच्या गावाला तिन्ही अंगांनी कृष्णा. उन्हाळ्यात तिच्यासारखी माया कुणाची नाही, वाळूत पावलं बुडवून बसावं. श्रावणात मात्र ती रस्ता गिळते. मग गुऱ्हाळातली काहील, उसाचा रस आटवायची ती अवाढव्य लोखंडी कढई, पाण्यात ढकलायची आणि चार माणसांनी तिच्यात बसून पलीकडं जायचं. बाजार काहिलीतून, औषध काहिलीतून. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. पण निवडणुकीच्या आदल्या पावसाळ्यात माझी धाकटी जाऊ दानेश्वरी अडली. तानाबाईनं पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "ह्ये माझ्या हातचं न्हाय. डागदर पायजे." भर दुपारी, पावसात, दानूला काहिलीत बसवलं. मी तिच्या मागं बसून तिला धरलं होतं. काहील गिरकी घेत होती आणि दानू माझं मनगट चावत होती. पलीकडच्या काठाला लागेपर्यंत बाळ झालं होतं, आणि ते रडलं नव्हतं.

सासरे काठावर उभे होते. काहील परत आल्यावर त्यांनी ती स्वतःच्या हातानं उपडी घातली आणि धुतली. कितीतरी वेळ धूतच होते.

त्यानंतर तानाबाई पुष्कळ दिवस गायली नाही. गायली तेव्हा एवढंच:

*नदी आली भरून, तिच्या पोटात गाळ*
*काहिलीत माझी दानू, कुशीत न्हाय बाळ*

निवडणुकीनंतरच्या हिवाळ्यात दानूला पुन्हा दिवस गेले. हिशोब श्रावणाचा लागला. घरात कुणी गोड केलं नाही. एका सकाळी मी परसात गेले तर दानू छपराखालच्या काहिलीपुढं उभी होती. मला म्हणाली, "अक्का, एवढं एक करा. ह्या खेपंला मला हिच्यात बसवू नका."

गावाला एक नर्स हवी होती. पाणी चढायच्या आधी गावात राहायला आलेली, सुई-औषध जवळ असलेली एक नर्सबाई. उपकेंद्र झालं तर ती मिळणार होती. आणि उपकेंद्र द्यायचं कुणाच्या हातात, तर जिल्हा परिषदेच्या. म्हणजे आमच्याच लेकीच्या.

चावडीत बैठक बसली आणि ठरलं, भेटायला जायचं. "अर्ज लिहू या काय?" कुणीतरी विचारलं. सासरे त्याच्यावर उखडले, "लेकीला अर्ज? उद्या तिच्याकडनं पोच मागशील!"

माघात आम्ही माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमधून माळेवाडीला गेलो. सासरे, गावातले दोन जाणते, आणि ओटी भरायला म्हणून तानाबाई आणि मी. सासऱ्यांच्या पिशवीत जावयासाठी टॉवेल-टोपी, लेकीसाठी खण-नारळ, आणि त्यांचा स्वतःचा तांब्याचा तांब्या, आमच्या विहिरीच्या पाण्यानं भरलेला. लेक दिलेल्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा त्यांचा नेम. गावात बाकीच्यांनी तो कधीच सोडला होता, पण त्यांनी धरून ठेवलेला.

सोमशेखररावांचा गुळाचा व्यापार, पेठ वडगावच्या बाजारात मोठी उठबस. बाहेरच्या खोलीत मागणाऱ्यांची दाटी. कुणाला रस्ता, कुणाला नळ, कुणाला मास्तराची बदली. खुर्चीत सोमशेखरराव बसलेले आणि प्रत्येकाला सांगत होते, "बघतो. करतो. काळजी नको." मेंबर स्वयंपाकघरात होत्या.

सासरवाडीची माणसं बघून ते उठले. "या मामा, या! काय काम काढलासा?"

सासऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर टॉवेल घातला, डोक्यावर टोपी ठेवली. "काम कसलं? लेकीला बघाय काम लागतंय व्हय?"

बरोबरच्या एका जाणत्यानं घसा खाकरला. "न्हाय, म्हंजे, त्ये पावसाळ्यात आमच्याकडं पुराचं..."

सासऱ्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटली. "औंदा पाऊसमान बरं हुईल म्हणतोय त्यो."

"माघात?" सोमशेखरराव म्हणाले.

"लांबचं दिसतंय त्याला."

चहा आला. सासऱ्यांनी पिशवीतून तांब्या काढला, दोन घोट घेतले आणि पुन्हा पिशवीत ठेवला. जाणत्यांनीही मग कपाला हात लावला नाही. चहावर साय धरत गेली आणि गावाची भेट अशी चालली: ऊस कसा आहे, गुळाला काय भाव, व्याह्यांचा गुडघा कसा आहे.

आत मी वन्संची ओटी भरली. त्यांनी तानाबाईच्या पायाला हात लावला, मला जवळ बसवलं आणि हळूच विचारलं, "काय मागाय आल्यात?"

तोंडातून मागणं काढायचं नाही, असं जीपमध्ये बसायच्या आधीच सासऱ्यांनी बजावलं होतं.

"शिवा, ह्या घरात रोज माणसं येत्यात. समदी ह्यास्नी मागत्यात. मला कोणच मागत न्हाय. मेंबर मी, आनि मागणं ह्यांच्याम्होरं. आनि आज माझ्या बापाच्या गावची आली, ती तर ह्यास्नीबी मागंनात. मग मी कशाला झाले गं मेंबर?" पळी भांड्यात ठेवून त्या थांबल्या. "दानूचं कसं हाय?"

"दिवस हैत, वन्सं. श्रावणात."

त्यांनी चुलीकडं तोंड फिरवलं. गॅस होता घरात, तरी त्या चुलीवरच रांधायच्या. जराशानं म्हणाल्या, "ऐक. औंदा आपल्या भागात एकच उपकेंद्र हाय. ह्यांनी हितंच, माळेवाडीत करायचा शब्द दिलाय. हितं दवाखाना हाय, रस्ता बारा महिने चालू हाय. मी हिंगणवाडी म्हटलं तर सभेत हसत्यात, म्हणत्यात मेंबर माहेराला पाणी घालतीय. 'मागणी कुणाची?' म्हणून इचारलं तर मी काय सांगू? कुणीतरी मागाय पायजे. तोंडानं. चारचौघांत. काकास्नी सांग."

तेवढ्यात सोमशेखरराव आत डोकावले. "काय गुजगोष्टी चालल्यात?" आणि आम्ही खणाच्या रंगाविषयी बोलायला लागलो.

परतताना जीपमध्ये मी धीर करून सगळं सांगितलं. सासरे नदीकडं बघत होते. पाणी खोल गेलेलं, काठावर वांग्याचे वाफे.

"मतं म्हंजे आहेर," ते म्हणाले. "आहेर माघारी मागणारा बाप मी न्हवं."

"मामांजी, पण दानू..."

त्यांनी पिशवीतला तांब्या काढला, तोंडाला लावला. तो रिकामा होता. तरी तो तसाच धरून बसले. त्यांच्यावर राग धरावा असं माझ्या मनात आलं होतं, ते तिथंच विरलं. त्यांचंच नातवंड त्या पाण्यात गेलं होतं. आणि लेकीपुढं हात पसरायचा म्हणजे तिच्या लग्नात केलेला सगळा थाट, सगळा अभिमान खाली ठेवायचा. तेवढं त्यांच्यानं होत नव्हतं.

शिमग्यानंतर आमच्या गच्चीवर शेवयांचा घाट घातला होता. पाटावर पीठ ओढत आम्ही साताठ बायका बसलेल्या. दानू सावलीला, पाचवा महिना. बोलता बोलता कुणीतरी माझ्या लग्नातली गोष्ट काढली, मी उखाणा कशी विसरले ती. तानाबाई हसता हसता एकदम थांबली. हातातली शेवई तशीच लोंबत राहिली.

"शिवा, तिनं तुझं दार आडवलंतं न्हवं?"

"व्हय."

"मग आता तू तिचं आडीव की."

आम्ही सगळ्या तिच्याकडं बघत राहिलो.

"लेकीला मागता येत न्हाय, बापाचं खरं हाय. पर ती तुमची काय लेक हाय? तुमची नणंद हाय ती! नणंद-भावजयीत मागणं-देणं, चिडवणं-रुसणं समदं चालतं. तिनं तुझ्या पोटची लेक मागितली, उंबऱ्यात, वाजंत्र्याम्होरं. तुमी एक नर्स मागा."

"आनि तू, तानाक्का?" दानूनं विचारलं. "तू तर आईच्या जाग्यावर. तुला कुठं मागता येतंय?"

"मी कशाला मागू? मी नुसती गाईन."

सासऱ्यांना सांगितलं, दानूच्या डोहाळजेवणासाठी बांगड्या भरायला कोल्हापूरला जातो. त्यांनी विचारलं नाही की पाचव्या महिन्यात डोहाळजेवणाची एवढी घाई का, आणि बांगड्या भरायला साताठ बायका कशाला. फक्त म्हणाले, "तुमच्या वन्संची सभा हाय म्हणं आज कोल्हापुरात. गर्दी आसंल. दानूला संबाळा."

जिल्हा परिषदेची इमारत मी पहिल्यांदाच बघत होते. लांबलचक व्हरांडा, फायलींचे ढीग, पांढऱ्या टोप्या आणि पानाचा वास. मेंबरांची बसायची खोली एका टोकाला, सभागृह दुसऱ्या टोकाला. खोलीच्या दारात आम्ही उभ्या राहिलो. माझ्या पदराचं एक टोक माझ्या हातात, दुसरं दानूच्या. पदर दारात आडवा. बाकीच्या मागं ओळीनं.

शिपाई धावत आला. "ओ बाई, दार सोडा! साहेब लोक जाणार हैत."

"साहेब लोकास्नी कुठं आडवलंय? खालनं वाकून जावा म्हणावं," मागून कुणीतरी बोललं. दोन मेंबर खरोखरच वाकून गेले, टोप्या सावरत. बाहेर जाऊन मजा बघायला तिथंच थांबले.

मग आतून सोमशेखरराव आले, मागोमाग वन्सं. हिरवी साडी, हातात फायलींची पिशवी. आम्हाला बघून त्या जागच्या जागी थबकल्या.

"ह्ये काय नाटक मांडलंय?" सोमशेखरराव ओरडले. "जिल्हा परिषद हाय ही, लग्नघर न्हवं!"

तानाबाई बाजूला भिंतीला टेकून उभी होती. "लग्नघर आसतं तर पावणं, तुमाला पयला पाट दिला आसता. आता जरा कडंला हुबं ऱ्हावा. ह्ये नणंद-भावजयीचं हाय. ह्यात जावयाचं काम न्हाय." आणि डोळे मिटून तिनं सूर लावला. त्या कचेरीच्या व्हरांड्यात, फायली आणि टाइपरायटरच्या खडखडाटात, आमच्या अंगणातला सूर:

*दाराशी भावजया ग, नणंद उभी आत*
*नर्सबाई एक दे ग, मग काढू हात*

टाइपरायटर थांबले. कुठल्या कुठल्या दारांतून माणसं बाहेर डोकावली.

मी पाठ केलेलं सगळं विसरले. कितीतरी वर्षांमागं उंबऱ्यात विसरले होते तशीच. नुसतं म्हणाले, "वन्सं, तुमी माझ्याकडं लेक मागितलीसा. मी व्हय म्हणलं. आता आमी मागतोय. आमाला नर्स पायजे. पाणी चढायच्या आत पायजे. दानूला पुन्हा काहिलीत बसवायचं न्हाय."

दानूनं पदराचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं, एका हातानं. दुसरा हात पोटावर.

वन्संचे डोळे भरून आले, पण आवाज आला तो जुना, करवलीचा. "नुसतं व्हय म्हणून सोडणार न्हाईसा तुमी मला. नाव घ्याय लागणार."

"घ्या की!" ओळ गरजली.

सोमशेखरराव काहीतरी बोलायला गेले. वन्संनी त्यांच्याकडं बघितलं, आणि त्यांच्यासाठी, शिपायासाठी, वाकून गेलेल्या मेंबरांसाठी, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा उखाणा घेतला:

*कृष्णेच्या काठाला हिंगणवाडी माहेर*
*सोमशेखररावांच्या देखत देते परतीचा आहेर*

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी पदर वर उचलला. वन्सं त्याखालून गेल्या, जाता जाता दानूच्या गालाला हात लावून.

सभा चालू असताना आम्ही आवारातल्या झाडाखाली बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. सोमशेखरराव लांब उभे राहून आमच्याकडं बघत होते. तानाबाईनं दशमी पुढं केली, "खावा पावणं. रुसून कुठं पोट भरतंय?" त्यांनी ती घेतली, आमच्याकडं पाठ करून खाल्ली.

वन्सं बाहेर आल्या त्या जवळजवळ पळतच. "मिळाली! नर्स आधी, भिंती मागनं." मग दम घेत सांगायला लागल्या. "एकानं इचारलंच, माहेराला पाणी घालताय काय म्हणून. मी म्हटलं, मागणी दारात हुबी हाय, जाऊन बघा. तवा त्या वाकून गेल्याल्या दोघांनीच सांगितलं, व्हय, आमी बघितलीय." आणि पुन्हा पुन्हा एकच वाक्य: "मलाच इचारलं बघ, शिवा. आज समद्यांनी मलाच इचारलं."

घरी आलो. सासऱ्यांनी एकच विचारलं, "बांगड्या कुठं हैत?"

आम्ही भरायलाच विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सासरे गावातल्या जंगमांच्या मठाची ओवरी झाडून, स्वतः चुन्याचा कुंचला घेऊन भिंती रंगवत होते. "कोण ऱ्हायला येणार आसलं तर," एवढंच म्हणाले.

पेरण्या उरकता उरकता नर्सबाई आल्या, ट्रंक आणि औषधांची पेटी घेऊन. त्यांनी आणि तानाबाईनं आधी एकमेकींना पारखलं, दोन दिवस रुसवा धरला, मग चहा एकत्र प्यायला लागल्या. श्रावणात कृष्णेनं रस्ता गिळला. काहील पाण्यात ढकलली गेली ती मिठामिरचीसाठी. दानू मठाच्या ओवरीत बाळंत झाली, दिवसाउजेडी, वर पाऊस पत्र्यावर वाजत असताना. नर्सबाईंच्या हातात सुई आणि तानाबाईच्या हातात दानूचं डोकं. मुलगी झाली. आणि ती अशी रडली की सासरे पलीकडच्या कट्ट्यावरून उठून उभे राहिले, आणि रडणं थांबेपर्यंत तसेच उभे.

तिचं नाव वन्संनी ठेवलं, स्नेहल. बारशाला मेंबरांची गाडी दारात सुरूच ठेवलेली होती. घडीभर बसल्या आणि गेल्या. तेव्हा त्यांना सगळीकडं मागणं होतं. आमचा पदर त्या व्हरांड्यात धरला गेल्यापासून बायका सरळ त्यांनाच भेटायला येत. बाहेरची खोली ओलांडून, चुलीपर्यंत.

ते दिवस आता आठवले की आधी आठवतो तो तानाबाईचा सूर. स्नेहल चालायला लागलेली बघून तानाबाई गेली. पुढच्या निवडणुकीला ती जागा बायकांची राहिली नाही. सोमशेखररावांनी स्वतः उभं राहून बघितलं, पडले. वन्संचं घर शांत झालं. मठाशेजारी उपकेंद्राच्या भिंती उठल्या, चुना लावलेली ओवरी पुन्हा जंगमस्वामींची झाली. एकदा मी गेले तेव्हा वन्सं म्हणाल्या, "आता कोण येत न्हाय गं. मागणं संपलं की माणूस रिकामं हुतंय."

मग दोन हजार पाच साली महापूर आला. तसलं पाणी सासऱ्यांनीही कधी बघितलं नव्हतं. आमच्या अंगणातून नाव चालत होती. उपकेंद्राच्या पेट्या नर्सबाईंनी डोक्यावर काढल्या. आम्ही जे हाताला लागलं ते घेऊन निघालो आणि सगळ्या वाटा संपल्यावर जिथं पाणी पोचत नाही तिथं गेलो, माळेवाडीला, वन्संच्या दारात. आमच्यासारखी आणखी कितीतरी घरं. सोमशेखररावांनी गुळाचं गोदाम मोकळं केलं, सतरंज्या अंथरल्या. वन्सं परातीनं भात घालत होत्या, पदर खोचून.

सासरे ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते. ऐंशीच्या पुढचे, भिजलेले, थकलेले. शेजारी तांब्या. आमच्या विहिरीवर पुरुषभर पाणी होतं, आणि तांब्यात काहीच नव्हतं. ओठ कोरडे पडले होते. मला दिसत होतं, वन्संना दिसत होतं. पण पाण्याचा विषय काढायची कुणाचीच छाती नव्हती. वन्सं दोनदा त्यांच्यापुढून मोकळ्या हातानं गेल्या.

तेवढ्यात स्नेहल धावत आली. सात वर्षांची, केस पिंजारलेले. "आत्या, तान लागलीया, पाणी दे की!" वन्संनी माठातून फुलपात्र भरून दिलं. ती घटाघट प्यायली, हनुवटीवरून ओघळ. मग आज्जाकडं वळली.

"आज्जा, तुला नको?"

सासऱ्यांनी तिच्याकडं बघितलं. त्या श्रावणात पत्र्यावरच्या पावसाला मागं सारून रडलेली ती. मग त्यांनी शेजारचा तांब्या उचलला आणि पुढं धरला. स्नेहलपुढं नव्हे. तिच्या डोक्यावरून, माठाजवळ उभ्या असलेल्या लेकीपुढं.

"रुद्रा," ते म्हणाले, "पाणी दे गं."

वन्संनी तांब्या घेतला. तो आधी आतून विसळला, मग पदरानं बाहेरून पुसला, पुन्हा पुसला. माठावर वाकून तो भरत असताना त्यांचे खांदे हलत होते. सोमशेखरराव दारातून बघत होते, खांद्यावर कसलंसं पोतं तसंच घेऊन.

सासरे पूर्ण तांब्या प्यायले. मग तो परत पुढं धरून म्हणाले, "आजून."